सेंट लुशियातील समूह सहलीचा शेवटचा दिवस कसा आखावा

सर्वप्रथम तिकिटावरील विमानतळ तपासावा, कारण या छोट्या कॅरिबियन बेटावर दोन विमानतळ आहेत. राजधानी कॅस्ट्रीजमधून मुख्यतः शेजारच्या बेटांकडे जाणारी लहान विमाने सुटतात, तर लंडन किंवा अमेरिकेकडे जाणारी मोठी विमाने दक्षिण टोकाच्या व्यू फोर्टजवळील हेवनोरा विमानतळावरून निघतात. उत्तरेकडील रॉडनी बे येथे मुक्काम केलेल्या गटाला हेवनोरापर्यंत घाटवळणांच्या रस्त्याने सुमारे दीड तास लागतो, म्हणून बस उड्डाणाच्या किमान पाच तास आधी सोडावी आणि ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावे. ज्येष्ठांसोबत घाई करणे मला कधीच पटत नाही.

स्कूबा डायव्हिंग आदल्या दिवशीच संपवावे. अनेकदा बुडी मारली असल्यास उड्डाणापूर्वी किमान १८ तासांचे अंतर हवे, आणि यात कोणाचाही आग्रह मानू नये.

सकाळी वेळ उरल्यास कॅस्ट्रीजच्या बाजारात जावे. तेथील वाटलेल्या कोकोच्या बियांच्या काड्या बोटाएवढ्या, गडद तपकिरी आणि तेलकट चकाकीच्या असतात. किसून दुधात उकळल्या की घरभर सुगंध दरवळतो. केळ्याचा केचप घेतल्यास बाटली मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत ठेवावी, कारण हातातील सामानात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली सहसा चालत नाही.

येथील चलन असलेला पूर्व कॅरिबियन डॉलर (एका अमेरिकी डॉलरला २.७०) भारतात बदलून मिळणे कठीण असल्याने उरलेल्या नोटा एकत्र करून चालकाला आणि मार्गदर्शकाला बक्षिसी म्हणून आभारपूर्वक द्याव्यात.