मंडळीच्या पैशातून पुढचं शिक्षण: अर्ज कसा करावा

मे महिन्यात अर्ज घेऊन येऊ नका. सेमिनरीचं, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजचं, वर्ष जूनमध्ये सुरू होतं. आमची पंचकमिटी, म्हणजे मंडळीचा (गावातल्या चर्चच्या सभासदांचा) कारभार बघणारी समिती, महिन्यातून एकदा बसते आणि तिचा ठराव पुढे डायोसिसच्या (बिशपांच्या प्रांताच्या) समितीकडे जातो. मागच्या उन्हाळ्यात एका मुलीच्या हातात बीडीचा (धर्मशास्त्राच्या पदवीचा) प्रवेश होता, पण ठराव वेळेत झाला नाही म्हणून तिचं अख्खं वर्ष गेलं. तिच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

मी बावीस वर्षं मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होते. मधली दोन वर्षं रजा घेऊन मंडळीच्या मदतीनं नगरला एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं. आता शिष्यवृत्तीचे अर्ज वाचणाऱ्या समितीवर आहे. तयारीला आदल्या वर्षीच्या दिवाळीत लागा, हे मी प्रत्येकाला सांगते.

आधी एक घोळ मिटवू. स्पॉन्सरशिप आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॉन्सरशिप म्हणजे ‘ही आमची व्यक्ती आहे, शिकून आमच्यात सेवेला येईल’ असं चर्चनं लिहून देणं. वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) घ्या. इडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या कामातून ते उभं राहिलं. तिथे चर्चनं पाठवलेल्या उमेदवारांसाठी वेगळी वाट आहे, आणि त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर मिशन हॉस्पिटलात ठरावीक काळ काम करावं लागतं. पण म्हणून फी चर्च भरतं असं नाही. सेमिनरीतही प्रवेशाला मंडळीची शिफारस लागतेच, पैशाचं बोलणं वेगळं करावं लागतं. पत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं समजून कितीतरी घरं नंतर अडचणीत येतात.

एमएसडब्ल्यू किंवा एमएस्सी नर्सिंग करायचं असेल तर चर्चच्या आधी सरकारी शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, हा अन्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसतोय. पण महाराष्ट्रात ही कुटुंबं ओबीसीत येतात. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हाताशी असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. समाजकार्य शिकायला नगर कॉलेजचं सीएसआरडी असो की मुंबईचं निर्मला निकेतन, फीचा मोठा भाग तिथून सुटू शकतो. मग मंडळीकडे मेस, पुस्तकं आणि फिल्डवर्कच्या प्रवासापुरतं मागा. बीडी किंवा एमटीएच (धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांना दुसरा आधार फारसा नसतो. त्यांच्यासाठी चर्चचा पैसा मोकळा राहिलेला बरा.

आता कागद. माझा पहिला अर्ज परत आला तो नावामुळे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मी मार्था, शाळेच्या दाखल्यावर सुनीता. घरात दोन्ही नावं चालायची, कुणाला कधी खटकलं नाही. संस्थेनं मात्र विचारलं, ‘या दोन बायका कोण?’ प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवण्यात पाच आठवडे गेले आणि त्या वर्षीची मुदत टळली. आपल्याकडे हे घरोघरी आहे. तेव्हा बाप्तिस्म्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार आजच शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींनी आणखी एक करावं: जुन्या मंडळीकडून सभासदत्व बदलाचं पत्र आणून नव्या मंडळीत नाव चढवून घ्यावं. ज्या मंडळीच्या वहीत तुमचं नावच नाही, ती शिफारस कशाच्या आधारावर देणार?

शिफारसपत्रात सगळ्यात जास्त लक्ष घाला. ‘उमेदवार चांगल्या चालीचा व नियमित उपासनेला येणारा आहे’ एवढ्या एका ओळीची पत्रं माझ्याकडे ढिगानं येतात. त्यावरून मला काहीच कळत नाही. पाळकसाहेबांकडे जाताना तुमची माहिती एका कागदावर लिहून न्या: दृढीकरण (आपला विश्वास स्वतः जाहीर कबूल करण्याचा विधी) कोणत्या साली झालं, शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणात) कोणता वर्ग किती वर्षं घेतला, तरुण संघात काय केलं. पत्रात पंचकमिटीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख हवी. आणि मंडळी स्वतः किती रक्कम देणार, तो आकडा हवा. मंडळी लहान असली तरी चालेल. आमच्याजवळच्या वस्तीतली पंचवीस-तीस घरांची मंडळी हंगामाच्या सणाच्या (पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानण्याच्या) लिलावातून दर वर्षी काही रक्कम बाजूला काढते. भोपळे, ज्वारीची पायली, गावठी कोंबडा, असं विकून जमलेले ते पैसे. तो छोटा आकडा पत्रात दिसला की समितीतल्या सगळ्यांची मान आदरानं वाकते. ज्यांनी तुम्हाला लहानपणापासून पाहिलं ते तुमच्यासाठी काही सोडायला तयार आहेत, याहून मोठी साक्ष नसते.

‘पाचारणाविषयी लिहा’, म्हणजे देवानं तुम्हाला या सेवेला कसं बोलावलं ते लिहा, असा रकाना असतो. तिथे अर्धं पान बायबलची वचनं उतरवू नका. तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं एक लिहा. मी लिहिलं होतं ते वॉर्डातल्या एका बाबांविषयी. कुष्ठरोग बरा झाला होता, घरी जायची मोकळीक होती, पण न्यायला कुणी येत नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून मी गावाला तीन पत्रं लिहिली. दोन परत आली, तिसऱ्याचं उत्तर नाही. जखम धुवायला मला शिकवलं होतं, पण त्या माणसाशी पुढे काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मुलाखतीत मला त्यावरच विचारलं, आणि मला आठवून काही सांगावं लागलं नाही.

धर्मशिक्षणासाठी आपल्या जवळची ठिकाणं म्हणजे पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आणि बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून आली. बीडीनंतर एमटीएचला दोन वर्षं लागतात. पाळकीय समुपदेशन करायचं असेल तर बंगलोरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज बघा. परदेशात जिनिव्हाजवळ जागतिक चर्च परिषदेची बोसे इथली संस्था आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया त्या परिषदेचं सभासद असल्यानं आपल्या मुलांनाही तिथे अर्ज करता येतो, पण तिथेही आधी आपल्याच चर्चचं पत्र लागतं.

मंजुरी आली की बाँडवर (शिकून झाल्यावर सेवा देण्याच्या करारावर) सही करायच्या आधी तो घरी नेऊन वाचा. किती वर्षं सेवा, कुठे, पगार कोणत्या श्रेणीत, राहायला घर मिळणार का, आजारपण किंवा बाळंतपण आलं तर काय, आणि मधेच सोडलं तर किती रक्कम परत करायची, हे सगळं लिखित मागा. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. नेमणूक कुठे ते न विचारता सही केलेल्या मंडळीतल्या एका भावाला शिकून आल्यावर सात महिने घरी बसावं लागलं, आणि बाँडमुळे दुसरीकडेही जाता येईना.

बहुतेक ठिकाणी पैसे हप्त्यानं येतात. मेसची, पुस्तकांची, एसटीची प्रत्येक पावती एका वहीत चिकटवून ठेवा. पहिल्या सहामाहीची गुणपत्रिका आली की एक प्रत पाळकसाहेबांना, एक खजिनदारांना द्या, आणि पुढचा हप्ता कधी ते त्याच भेटीत विचारून घ्या.