एमईजीतून मेंदूतला स्रोत शोधायचा तर आधी एवढी तयारी

एमईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत प्रवाहांचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजणं. त्या नोंदीवरून मेंदूतला स्रोत, म्हणजे संकेत नेमका कुठून आला ते, काढायचं म्हटलं की चर्चा अल्गोरिदमवर येते. माझ्या मते निकाल बराचसा त्याआधीच ठरतो. मेंदूचा संकेत शंभरेक फेम्टोटेस्लाचा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी क्षीण. म्हणून सुरुवात कपड्यांपासून करा: सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, केसांतले आकडे, मस्कारासुद्धा उतरवायला सांगा. एमआरआय त्याच दिवशी असेल तर एमईजी आधी उरका. एमआरआयच्या चुंबकाने दातांतला धातू चुंबकित होऊ शकतो.

एमईजीची नोंद एमआरआयच्या चित्राशी जुळवायची असते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्या डोक्याचा आकार टिपायला. नाकाचं मूळ, दोन्ही कानांपुढचे बिंदू, डोक्याची जागा कळावी म्हणून लावलेल्या कॉइलच्या जागा, मग डोक्यावर शंभरेक तरी बिंदू. केस दाट असले की डिजिटायझरचं (हे बिंदू टिपणाऱ्या पेनसारख्या उपकरणाचं) टोक केसांवरच टेकतं आणि डोकं एमआरआयपेक्षा मोठं निघतं. बोटाने केस बाजूला सारा, टोक त्वचेला लागलंय ना ते पाहा. नाकाचा दांडा आणि भुवया सोडू नका, नुसत्या गोल टाळूवर जुळणी सरकत राहते. पाच मिलिमीटरची चूक किरकोळ वाटते, पण तेवढ्यात स्रोत मेंदूच्या घडीच्या एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जातो आणि प्रवाहाची दिशाच उलटी निघते.

गोंगाटाचा अंदाज घ्यायला रिकाम्या खोलीची काही मिनिटांची नोंद त्याच दिवशी घ्या आणि तिच्यावर तीच प्रक्रिया करा जी खऱ्या नोंदीवर करणार. बाहेरचा चुंबकीय गोंगाट गाळणाऱ्या मॅक्सवेल फिल्टरनंतर ३०६ चॅनेलांची (संवेदकांची) रँक, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र संकेतांची संख्या, सत्तरच्या आसपास उतरते. हे सॉफ्टवेअरला कळलं नाही तर गोंगाटाचा अंदाज बिघडतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

डोक्याच्या मॉडेलला (मेंदूतला प्रवाह बाहेर कसा नोंदला जाईल त्याच्या गणिताला) एमईजीपुरता कवटीच्या आतल्या पृष्ठभागाचा एकच थर पुरतो, सोबत ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांनी घेतलेली विद्युत नोंद) असेल तर तीन हवेत.

स्रोत काढायची पद्धत मात्र प्रश्न पाहून निवडा. दोन्ही कानांना आवाज ऐकवला की दोन्ही बाजूंची श्रवणकेंद्रं एकाच वेळी जागी होतात, आणि असे एकतालातले स्रोत बीमफॉर्मर (मेंदूतली एकेक जागा घेऊन बाकीचे संकेत गाळणारी पद्धत) दाबून टाकतो. तिथे मिनिमम नॉर्म (नोंदीशी जुळणारे कमीत कमी ताकदीचे प्रवाह शोधणारी पद्धत) बरी. पण ती स्रोत पृष्ठभागाकडे ओढते, म्हणून स्रोत किती खोल आहे त्यानुसार भार द्यायला विसरू नका.

शेवटी मनगटाच्या मध्यवर्ती नसेला हलके विद्युत झटके देऊन एक नोंद घ्या. साधारण २० मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या मध्यवर्ती खाचेच्या मागच्या भिंतीवर प्रतिसाद दिसायला हवा. तो भलतीकडे दिसला तर पद्धत बदलण्याआधी एमआरआयची जुळणी पुन्हा तपासा.