डीबग कर्नल बांधला, पण डीबगचं पॅकेजच गायब

वायफाय ड्रायव्हरमुळे माझा डेबियन लिनक्सचा लॅपटॉप अधूनमधून गोठायचा. केडंपने (कर्नल कोसळताना मेमरीची प्रत साठवणारी सोय) मेमरीचा डंप पकडला होता, पण तो क्रॅश या टूलमध्ये उघडायला डीबग माहितीसह (कोडमधली कोणती ओळ कुठे आहे ते सांगणारी) व्हीएमलिनक्स फाइल, म्हणजे न दाबलेला पूर्ण कर्नल हवा. म्हणून स्वतःच कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधायला घेतला.

चालू कर्नलची कॉन्फिग (बांधणीच्या पर्यायांची फाइल) उचलली, माझ्या जुन्या टिपणाप्रमाणे स्क्रिप्ट्स/कॉन्फिगने डीबग_इन्फो चालू केलं, मग मेक ओल्डडेफकॉन्फिग (उरलेले पर्याय डिफॉल्टने भरणारी आज्ञा) आणि मेक बिनडेब-पीकेजी (डेबियनची पॅकेजेस बांधणारी). बिल्ड विनातक्रार पूर्ण झाला. वरच्या डिरेक्टरीत इमेज आणि हेडर्स आले, डीबग माहितीचं डीबीजी पॅकेज मात्र नाही! दोनदा बांधून पाहिलं, तेच.

शेवटी डॉट कॉन्फिग उघडली. मी चालू केलेली ओळ ओल्डडेफकॉन्फिगने गुपचूप काढून टाकली होती. कर्नल ५.१८ पासून डीबग_इन्फो थेट निवडता येत नाही. आता पर्यायांची यादी आहे, आणि माझ्या कॉन्फिगमध्ये त्यातला डीबग_इन्फो_नन (डीबग माहिती नको) निवडलेला होता. तो बंद करून डीबग_इन्फो_ड्वॉर्फ_टूलचेन_डिफॉल्ट चालू केला, तेव्हा ओळ टिकली. बीटीएफ (डीबग माहितीचा आटोपशीर प्रकार) हवं असेल तर पाहोल हे टूलही लागतं, ते ड्वार्व्ह्ज या टूलसंचातलं आहे.

डिस्कवर भरपूर जागा ठेवा, डीबग माहिती फार फुगते. आणि लोकलव्हर्जनला (कर्नलच्या आवृत्तीला जोडलं जाणारं आपलं नाव) वेगळं नाव द्याच. डंप ज्या बिल्डचा, व्हीएमलिनक्सही त्याच बिल्डची लागते. त्यामुळे जुना डंप कामी आला नाही, मला नवा कर्नल टाकून पुढच्या गोठण्याची वाट पाहावी लागली. चौथ्या दिवशी डंप मिळाला, आणि बॅकट्रेसमध्ये (त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सची साखळी) ड्रायव्हरमधली नेमकी ओळ दिसली.