सेंट्रल लॉक बिघडलंय? मोटर बदलण्याआधी दाराची रबरी नळी बघा

चार दारांच्या गाडीला किल्ली लावली की चार 'खट्' जवळजवळ एकदमच ऐकू येतात. माझ्या 2007 सालच्या गाडीत त्यातला एक कधी कमी झाला ते मला कळलंच नाही. कळलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात. गाडी बंद करून चार पावलं गेलो, तर मागून एक बाई ओरडल्या, "ओ, मागचं दार उघडंच हाय की!"

मिस्त्रीनं त्या दाराची मोटर बदलली आणि जुन्या वायरीलाच जोडली. आठ दिवस चालली, नवव्या दिवशी पुन्हा मुकी. मोटर बिघडलेलीच नव्हती. दार आणि खांब यांच्यामध्ये जी बोटाएवढी रबरी नळी असते, तिच्यात वायर तुटली होती. पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर घरच्या आणि शेजारच्या मिळून बऱ्याच जुन्या गाड्यांची दारं उघडून बघितली. त्यावरून जो क्रम बसला तो सांगतो.

आधी सेंट्रल लॉक, म्हणजे एका किल्लीनं सगळी दारं लॉक करणारी यंत्रणा, कशी चालते ते पाहू. प्रत्येक दारात एक छोटी मोटर असते आणि तिला दोनच वायरी येतात. वीज एका बाजूनं गेली की लॉक, उलट्या बाजूनं गेली की अनलॉक. हुकूम सोडतं ते डॅशबोर्डखालचं कंट्रोल युनिट. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दाराची मोटर ही मास्टर. तिच्यात स्विचही असतो, म्हणून तिला पाच वायरी. किल्ली फिरली हे युनिटला तीच कळवते. कंपनीनं बसवलेल्या यंत्रणेत वायरींची संख्या आणि रंग वेगळे असतात, तेव्हा रंगांवर भरवसा ठेवू नका.

कामाला लागण्याआधी ड्रायव्हरची काच पूर्ण खाली घ्या आणि किल्ली खिशात ठेवा. अनलॉक करून दार उघडलं नाही तर थोड्या वेळानं आपोआप लॉक होणाऱ्या किट बऱ्याच आहेत. जांबोटीच्या रस्त्याला किल्ली आत आणि आपण बाहेर पावसात, हा अनुभव घेण्यासारखा नाही.

पहिल्यांदा फक्त ऐका. एकाला किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही एकेका दाराला कान लावा. निम्मं निदान इथंच होतं.

सगळीच दारं गप्प असतील तर दारं खोलत बसू नका. फ्यूज, कंट्रोल युनिटची अर्थिंगची (गाडीच्या पत्र्याला जोडलेली) वायर आणि बॅटरी हे तीन आधी बघा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6 च्या आसपास असतो. 12 च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर कुठंतरी वायर सोलून पत्र्याला लागली आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेणारे भेटतात. त्यात फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

किल्लीनं सगळं चालतं पण रिमोटनं नाही, तर रिमोटचा सेल बदला. रिमोट उघडून जुना सेल सोबत घेऊनच दुकानात जा, कारण काहींत 3 व्होल्टचा चपटा सेल असतो, काहींत 12 व्होल्टचा छोटा नळीसारखा.

लॉक होऊन लगेच पुन्हा उघडत असेल तर संशय मास्टरवर. रिमोट असेल तर मास्टरचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून रिमोटनं लॉक करा. आता बाकीची दारं लॉकच राहिली, तर दोष मास्टरच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

एकच दार गप्प असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. (मागचं दार फक्त आतून उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा खटका बघा. त्यासाठी लोक गॅरेजपर्यंत गेलेले मी पाहिलेत.)

मग हातानं. त्या दाराची नॉब बोटानं वर-खाली करा. जड जात असेल तर वीज काय करणार? ती मोटर छोटी, अडकलेलं लॉक तिच्यानं ओढवत नाही. आपल्या एका जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. कणकुंबी-जांबोटीकडची गाडी असेल तर पाण्यावर आणि गंजावर संशय घ्या, अथणी-रायबागकडची असेल तर धुळीवर. लॉकमध्ये गोडं तेल सोडायची सवय आपल्याकडे फार. आधी नरम चालतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटून राळेसारखा थर बसतो. साफ करायचा स्प्रे मारून लॉक धुवा, वाळू द्या, मग थोडं पांढरं ग्रीस लावा. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नको, ग्रॅफाइटची पूड बरी.

आता ती रबरी नळी. दार पूर्ण उघडा. बिजागरीच्या बाजूला दार आणि खांब यांच्यामध्ये ती दिसेल. मागच्या दाराची नळी मधल्या खांबाला असते, डिकीच्या दाराची वरच्या बाजूला. तिची एक बाजू सोडवून मागे सरकवा. दार उघडलं की वायर वाकते, मिटलं की पुन्हा वाकते. वर्षानुवर्षं हेच चाललं की आतली तांब्याची तार तुटते, आणि वरचं प्लास्टिक धड असल्यामुळे काही दिसत नाही. म्हणून एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढा. जी रबरासारखी लांबते, तिच्यात तार उरलेली नाही. दार अर्धवट उघडं असताना लॉक चालतं आणि मिटल्यावर चालत नाही, किंवा याच्या उलट, असं होत असेल तर वायर इथंच तुटली आहे असं जवळजवळ धरून चाला.

जोडताना फ्यूज काढून ठेवा. तुटलेल्या जागीच पिळा मारून टेप गुंडाळू नका. तो जोड पुन्हा तिथंच वाकणार आणि उन्हात टेपचा डिंक सुटणार. खराब तुकडा कापून टाका, बारीक तारांची लवचिक ऑटो वायर मध्ये घाला आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर येतील एवढी लांबी ठेवा. सोल्डर करून वर आकसणारी स्लीव्ह चढवा. दोन-तीन वायरी असतील तर जोड मागेपुढे घ्या, एकाच जागी गाठोडं नको.

तरीही गप्पच, तर दाराचं आतलं पॅड काढा. त्या दाराची काच पूर्ण वर घ्या. आर्मरेस्टचे आणि हँडलचे स्क्रू काढा. हातानं फिरवायची काच असेल तर तिचं हँडल मागच्या क्लिपनं धरलेलं असतं. हँडल आणि पॅड यांच्यामध्ये सुती फडक्याची पट्टी घालून, बूट पुसतो तशी दोन्ही टोकं ओढा. क्लिप टुणकन उडते, कुठं पडते तेवढं बघा. पॅड क्लिपजवळूनच उचला, मधूनच ओढला तर हार्डबोर्ड फाटतो.

इथं मीटरपेक्षा बल्ब बरा. हे मला बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत फिटर असलेल्या मामांनी शिकवलं: "मीटर ठेव बाजूला, इंडिकेटरचा बल्ब आण एक." वीज अर्ध्या-एक सेकंदापुरतीच येते, तेवढ्यात डिजिटल मीटरचा आकडा स्थिर होत नाही. शिवाय तुटकी तार गंजून जेमतेम टेकलेली असेल तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब खरी वीज खातो, म्हणून अशा वायरीवर मंद पेटतो. मोटरचं कपलर काढून तिच्या दोन वायरींमध्ये 12 व्होल्टचा बल्ब लावा. लॉक करताना एकदा आणि अनलॉक करताना एकदा लख्ख पेटला, तर वायर ठीक, मोटर गेली. पेटलाच नाही किंवा मंद पेटला, तर वायरीच्या मागे लागा.

मोटर बदलायचीच वेळ आली तर तेवढी एकच घ्या. दुकानदाराशी मराठीत बोला नाहीतर कन्नडमध्ये, 'सेंट्रल लॉक मोटर' दोन्हीकडे तेच. दोन वायरींची की पाच वायरींची, एवढं सांगा. जोडल्यावर बाकीची दारं लॉक होताना हे उघडत असेल तर घाबरू नका, दोन वायरी अदलाबदल करा.

पॅड परत लावण्याआधी दहा-बारा वेळा लॉक करून बघा. आतला प्लास्टिकचा कागद फेकू नका, होता तसाच चिकटवा. तो नसला की काचेवरून उतरणारं पाणी पॅडमध्ये शिरतं. शेवटी दार उघडून खालच्या कडेची भोकं काडीनं मोकळी करा. माझ्या त्या मागच्या दारातून तांबडा चिखल आणि सुरूची पानं निघाली, आणि त्यामागून तांब्याभर पाणी.