तिकिटं जमवताय? मग कोकणातल्या हवेत तरी या चुका टाळा

पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद तसा स्वस्तातला. लाईट गेली, नेट गेलं, बाहेर धो धो लागलाय, तरी खिडकीशी बसून चालू राहतो, आणि तोच अल्बम वर्षानुवर्षं उघडूनही कंटाळा न आलेली म्हातारी माणसं आमच्या रत्नागिरी-मालवण पट्ट्यात अजून भेटतात. पण मजा टिकायची तर आधी तिकिटं टिकायला हवीत ना! आपण शिकतो ते व्हिडिओ बहुतेक थंड, कोरड्या देशातल्या लोकांनी केलेले, त्यांना आपला जुलै महिना माहीतच नाही.

कात्री लांब ठेवा

माळ्यावरची ट्रंक उघडली, आजोबांच्या पत्रांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा हाती लागला की पहिलं काम काय, तर तिकिटं कापायची आणि पाकिटं बंबात घालायची. कृपा करून हे करू नका. कोकणातल्या घरातली पत्रं म्हणजे घरातलं कोण पोटासाठी कुठे कुठे गेलं त्याचा पुरावा असतो. गिरणगावातल्या चाळीतून चाकरमान्याने टाकलेलं कार्ड, बोटीवर असलेल्या काकांचं एडनचं पाकीट, कुणाकडे केनिया-युगांडा-टांगानिकाची तिकिटं (तिन्हींचं मिळून एकच तिकीट असायचं), आणि आखातातलं पत्र जुनं असेल तर त्यावर चक्क आपलीच ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटं, वर बहरीन किंवा कुवेत छापलेलं. तिकीट सुटं काढलं तर दहा-वीस रुपयांचं असेल, पण निघाल्याचा शिक्का, मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का, बोटीने लागलेले दिवस, पत्त्यातलं वाडीचं नाव हे सगळं एकत्र असलं तरच त्याला जाणकार विचारतो. पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्रावर तर तिकीट छापलेलंच असतं, ते कापलंत की उरला निव्वळ कागदाचा तुकडा.

भिजवायची घाई

साध्या, रोजच्या पाकिटांवरची वापरलेली तिकिटं कागदापासून सोडवायला भिजवली तर काहीच हरकत नाही. भोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि साध्या पाण्याच्या ताटलीत चेहरा वर करून तरंगत सोडा. थोड्या वेळाने कागद आपोआप सुटतो. सुटला नाही तर अजून थांबा, नखाने ओरबाडू नका, मागचा पातळ थर निघाला की ते तिकीट गेलंच समजा, उजेडासमोर धरलं की तो पातळ डाग लगेच दिसतो. लाल-हिरवी पाकिटं नि खाकी कागद वेगळ्या ताटलीत, नाहीतर एकाचा रंग सगळ्यांना लागतो. मग पाणी बदलून मागचा उरलेला गोंद धुऊन काढा आणि टिपकागदावर पालथी घाला. किंचित ओलसर असतानाच जाड पुस्तकात दाबायची, नाहीतर कडक वाळून पापडासारखी वळतात. आणि हो, नवं न वापरलेलं तिकीट कधीच भिजवायचं नाही, त्याच्या मागचा मूळ गोंद हीच अर्धी किंमत. बाहेरच्या देशांची हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं कित्येकदा पाण्यात सुटतच नाहीत, ती कागदासकट नीट कापून ठेवा.

पावसाळा, म्हणजे खरा शत्रू

नवीन तिकिटांचा गोंद हवेतली ओल ओढतो आणि ऑगस्टपर्यंत पानाला असा बसतो की खेचलं तर फाटतंच. दुसरं म्हणजे कागदावर तांबूस ठिपके पडतात, ती बुरशी असते, आणि एका तिकिटावरनं शेजारच्यावर जाते. असं तिकीट दिसलं की त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात काढा. ब्लीच, लिंबू असले घरगुती उपाय त्याच्यावर नकोत, डाग जाईल न जाईल, रंग नक्की जाईल.

आगोटीला घर भरतो ना, तांदूळ, मसाला, सुकी मासळी, तशीच तिकिटांचीही मेअखेरीस व्यवस्था लावायची. अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, शक्यतो रंग बदलणारी, म्हणजे ओल भरली की कळतं आणि गरम करून परत वापरता येते. डबा पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, अल्बम उभे ठेवा, एकावर एक रचले की खालचे दाबून चिकटतात. पाऊस गेला की ऑक्टोबरमधल्या कोरड्या दिवशी सगळी पानं हवेवर उघडा, पण सावलीत, उन्हाने रंग उडतात. कसर लागलीय का तेही तेव्हाच बघून घ्या.

चिकटलीच तर? एका डब्यात तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर चिकटलेली तिकिटं, झाकण लावून अधूनमधून बघत राहायचं. ओलीने गोंद सैल पडला की चिमट्याने अलगद सोडवा. गोंद थोडा बिघडतो, पण तिकीट वाचतं.

भाताचं शीत आणि फेविकॉल

जुन्या वह्यांत भाताच्या शितानं चिकटवलेली तिकिटं मी कितीतरी पाहिलीत. शीत बिचारं पाण्याने सुटतं तरी, फेविकॉल आणि सेलोटेप म्हणजे कायमचं वाटोळं. स्टॉकबुक घ्या, त्यात पट्टीत नुसतं सरकवायचं. पीव्हीसीची स्वस्त प्लॅस्टिक पानं मात्र नकोत, उकाड्यात ती चिकट होतात नि शाई खेचतात. तिकीट उचलायचं ते चपट्या टोकाच्या चिमट्याने, घामट बोटांनी नाही. भुवयांचा चिमटा चालत नाही बरं का, त्याच्या धारेने ओरखडे येतात.

जुनं म्हणजे लाखाचं, ही समजूत

व्हॉट्सॲपवर फिरतं ना, हे तिकीट घरात असेल तर तुम्ही करोडपती, वगैरे. थापा. राणी व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं तिकीट सव्वाशे वर्षांचं असूनही किरकोळ पैशांत मिळतं, कारण ते ढिगाने छापलं. महाग होतं ते कमी उरलेलं आणि मागणी असलेलं. गांधीजींची १९४८ ची, सरकारी कामासाठी वर 'सर्व्हिस' छापलेली तिकिटं हे त्याचं उदाहरण, १० रुपयाचं तर जेमतेम १०० छापलेलं, आणि म्हणूनच नकलाही बख्खळ. असलं कुणी स्वस्तात देतोय म्हणाला तर तज्ज्ञाचं सर्टिफिकेट मागा, तो आपोआप गप्प होईल.

जत्रेत मिळणाऱ्या शंभर तिकिटांच्या पुडक्यातही असाच घोळ असतो. अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा आखातातल्या चिमुकल्या अमिरातींच्या नावांची रंगीत फुलपाखरं, गाड्या, कोपऱ्यात सुबक शिक्का आणि मागे गोंद शाबूत! ती पत्रावर कधी लागलेलीच नाहीत, शिक्का छापखान्यातच मारून संग्राहकांना विकलेली. पोरांना खेळायला छान, पैसे गुंतवायला नाही. सावंतवाडी, जंजिरा संस्थानांची म्हणून दाखवतात ती बहुधा कोर्ट फी, महसुलाची तिकिटं असतात, पोस्टाची नाही. जमवायला मजेशीर आहेत, फक्त काय घेतोय ते माहीत असू द्या.

सगळं जग जमवायचा हट्ट

याने नाद सर्वांत लवकर सुटतो. छोटा विषय घ्या. आपल्या कोकणाचाच घ्या की! रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं १९५६ चं तिकीट, धोंडो केशव कर्व्यांचं १९५८ चं (शंभरी गाठलेले अण्णा तेव्हा हयात होते, हयातीत तिकिटावर आलेले पहिले भारतीय), बाबासाहेबांचं १९६६ चं, त्यांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, गागोद्याच्या विनोबांचं १९८३ चं, कान्होजी आंग्र्यांचं १९९९ चं. बांदा-सावंतवाडीकडे गोव्यात सोयरीक असणाऱ्यांच्या घरात १९६१ आधीची पोर्तुगीज तिकिटंही निघतात, किंमत तिथल्या जुन्या चलनात, रुपया आणि टांगात छापलेली, १९५९ पासून एस्कुडो या पोर्तुगीज चलनात. एवढ्यावर दोन-चार पावसाळे सहज निघतील आणि प्रत्येक तिकिटामागे वाचायला काहीतरी असेल.

नवी तिकिटं हवीत तर पोस्टाचं फिलाटेली (म्हणजे तिकिटं जमवण्याचं) डिपॉझिट अकाउंट काढा, २०० रुपयांत उघडतं आणि पोस्ट नवीन तिकिटं घरी पाठवतं. सहावी ते नववीच्या मुलांसाठी पोस्टाची दीनदयाळ स्पर्श शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६००० रुपये, त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब किंवा मुलाच्या नावाने हे खातं लागतं. क्विझ आणि प्रोजेक्ट असतो, तेव्हा प्रोजेक्ट पोराला करू द्या, आईबाबांनी रात्र जागून केलेला तपासणाऱ्याला लगेच कळतो.