ऑल-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कारसाठी टायरचा आकार कसा निवडावा

ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद पोहोचवणाऱ्या) स्पोर्ट्स कारचे टायर बदलताना बहुतेकांची नजर आधी रुंदीवर जाते. पाहायला हवे ते मात्र पुढच्या आणि मागच्या टायरच्या व्यासांचे प्रमाण. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांचे ॲक्सल (आस) क्लचने किंवा डिफरन्शियलने, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअर-यंत्रणेने, जोडलेले असतात. कंपनीने गृहीत धरलेले प्रमाण बिघडले, की पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक या यंत्रणेलाच सतत सोसावा लागतो आणि अगदी सरळ रस्त्यावरही ती घासत, तापत राहते.

व्यास काढणे सोपे आहे. २५५/४० आर२० अशा आकारात २५५ ही मिमीतली रुंदी, ४० हा साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) आकडा आणि २० हे रिमचे इंच असतात. टायरच्या रुंदीचे साइडवॉलच्या आकड्याइतके टक्के काढून त्याची दुप्पट करावी आणि त्यात रिमचे इंच २५.४ ने गुणून मिळवावेत. निस्सान जीटी-आर आर३५ चे मूळ टायर पुढे २५५/४० आर२० आणि मागे २८५/३५ आर२० आहेत. पुढचा व्यास ७१२ मिमी येतो, मागचा ७०७.५, म्हणजे अधिक रुंद असूनही मागचा टायर किंचित लहान आहे. आता पुढची पकड वाढवायची म्हणून कोणी मागचे टायर तसेच ठेवून पुढे २७५/३५ आर२० बसवले, तर पुढचा व्यास ७००.५ मिमी होतो. जो टायर साडेचार मिलिमीटरने मोठा होता तो सातने लहान झाला आणि प्रमाण सुमारे १.६ टक्क्यांनी बदलले. केवळ २० मिमी जादा रुंदीसाठी ट्रान्समिशनवर हा भार टाकणे मला अजिबात पटत नाही.

पुढचा-मागचा व्यास सारखाच असावा असे मात्र नाही. ९९१ पिढीच्या पोर्शे ९११ कॅरेरा ४एसला २० इंची रिमवर पुढे २४५/३५ आणि मागे ३०५/३० टायर येतात. तिथे मागचा टायर साडेअकरा मिलिमीटरने मोठा आहे आणि गाडीची रचनाच तशी आहे. म्हणून आपल्या गाडीचे मूळ प्रमाण काढून तेच जपावे. रिम मोठे घ्यायचे असल्यास साइडवॉल त्या हिशेबाने कमी करावी: सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआयचे २४५/४० आर१८ आणि नंतर आलेले २४५/३५ आर१९ यांच्या व्यासात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक आहे.

हा हिशेब कागदावरचा झाला. एकाच आकाराचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने वेगळे भरतात, त्यामुळे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्यावेत आणि खरेदीआधी उत्पादकाच्या तक्त्यातला व्यास पाहावा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचे अक्षर (टायरची वेगमर्यादा सांगणारे) मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. रिमची रुंदी त्या टायरला चालते का आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, हेही तपासावे.

एकच टायर फाटला, तर निर्णय अधिक अवघड होतो. सुबारूच्या सूचनेनुसार टायरच्या परिघातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६ मिमीच्या आत हवा. खाचांच्या खोलीत हा फरक जेमतेम एक मिलिमीटर भरतो. त्यामुळे उरलेल्या तीन टायरच्या खाचा डेप्थ गेजने मोजाव्यात. त्या नव्या टायरपेक्षा एक मिलिमीटरहून अधिक झिजल्या असतील, तर एक नवा टायर बसवून भागवू नये. खर्च मोठा असला तरी चारही टायर बदलावेत.