सांबराच्या खुरावरून नर-मादी ओळखताय? या चुका टाळा

मुरूडकडे भात कापून झालं की त्याच खाचरांत वाल पेरतात. पौषात शेंगा भरल्या की आपल्याला पोपटीचे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचे, वेध लागतात आणि फणसाडच्या रानातल्या जनावरांना त्या शेताचे. अशाच एका वालाच्या शेतात, बांधाच्या कोपऱ्यात पाणी झिरपून चिखल झाला होता, तिथे मला भलामोठा खूर दिसला. पुढची टोकं फाकलेली, मागे दोन नख्यांचे खोल खड्डे. मी लगेच सांगून टाकलं, "मोठा नर आहे, सांबराचा."

शेताचे मालक आजोबा म्हणाले, "खूर मोजलास की चिखल?" आणि मला बांधापलीकडे घेऊन गेले. तिथल्या घट्ट मातीत तोच माग चांगला बोटभर लहान झाला होता, टोकाला निमुळता. बाजूने पाडसाचे इवलेसे खूर चालले होते. माझा नर लेकुरवाळा निघाला.

तेव्हापासून मी एकट्या ठशावरून नर-मादी सांगत नाही. वीस-पंचवीस पावलांचा सलग माग हवा, आणि तरीही बऱ्याचदा "सांगता येत नाही" हेच खरं उत्तर असतं.

मुळात जनावर कुठलं, हे न बघणं

नर-मादीचा वाद घालता घालता पुढे रानडुक्कर निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय. डुकराच्या खुरामागच्या दोन नख्या बऱ्यापैकी कडक जमिनीवरही उमटतात, आणि त्या खुराच्या रुंदीच्या बाहेर, मिशीच्या टोकांसारख्या फाकलेल्या असतात. सांबराच्या नख्या चिखलात किंवा उडी मारतानाच दिसतात आणि खुराच्या सरळ मागे असतात.

आकारासाठी खिशातली काडेपेटी पुरते. सांबराचा ठसा काडेपेटीहून लांब, भेकराचा तिच्याखाली पूर्ण झाकला जातो. पिसोरीचा, म्हणजे इवल्याशा मूषक-हरणाचा, तर रुपयाच्या नाण्याखाली जातो. भेकर आणि शेळी यांत गल्लत होतेच, पण शेळी सहसा एकटी फिरत नाही. चार पावलं पुढे गेलात की कळपाचे ठसे आणि राखणाऱ्याच्या चपलेचा छाप मिळतो.

मोठा ठसा म्हणजे नर, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पूर्ण वाढलेला सांबर नर २२५ ते ३२० किलोपर्यंत भरतो, मादी त्याहून बरीच हलकी. त्यामुळे खरोखरचा थोराड नर आकारावरून कळतो, नाही असं नाही. पण दोन वर्षांचा नर आणि वयस्क मादी यांचे खूर शेजारी ठेवले तर फरक सांगायला कोणी धजावू नये.

त्यात चिखल फसवतो. ओल्या मातीत खुराची दोन पाती फाकतात, कडा ढासळतात, एखादी सर येऊन गेली की ठसा आणखी पसरतो. मोजायचंच असेल तर वरच्या ढासळलेल्या काठापासून मोजू नका, ठशाच्या तळाशी मोजा. नख्या उमटल्या म्हणून जनावर जड, म्हणून नर, हा हिशेबही असाच फसवा. नख्या बहुतेक वेळा मातीचा मऊपणा सांगतात, नाहीतर जनावर पळालं हे सांगतात.

बोथट टोक बघून भुलणं

नराच्या खुराची टोकं गोलसर, मादीची टोकदार, असं जुनी माणसं सांगतात. त्यात तथ्य आहे; वजन जास्त, झीज जास्त. पण हे सांगताना जमीन विसरून चालत नाही. आपल्याकडचा जांभा म्हणजे कानसच. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रोज फिरणाऱ्या मादीचे खूर घासून गोल होतात, आणि दलदलीच्या कडेला राहणाऱ्या नराचे टोकदार राहतात. टोकांची तुलना करायचीच तर एकाच जागेवरच्या, एकाच मातीतल्या दोन मागांची करा.

पुढचा पाय आणि मागचा पाय एकच समजणं

इथे मात्र घाई करू नका, कारण खरी माहिती इथेच मिळते. हरणाचा पुढचा खूर मागच्यापेक्षा मोठा, रुंद आणि जास्त फाकलेला असतो. मान, डोकं आणि नराच्या बाबतीत शिंगं, एवढा भार पुढच्या पायांवर असतो. एकीचा पुढचा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा मोजलात तर मादी नर ठरते.

शिवाय निवांत चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. दोन ठसे एकमेकांवर बसले की एकच लांबलचक खूर दिसतो आणि बघणारा हरखतो. नीट वाकून बघा, आत दुसरी कड दिसेल.

आता हा मागचा ठसा पुढच्याच्या तुलनेत कुठे पडलाय ते बघा. नराची छाती रुंद, मागचा भाग त्या मानाने अरुंद, म्हणून त्याचा मागचा खूर पुढच्याच्या किंचित आतल्या बाजूला पडतो. मादीचं कटीचं हाड रुंद, गाभण असली तर आणखीच, म्हणून तिचा किंचित बाहेरच्या बाजूला पडतो. फरक बोटाच्या पेराएवढा असतो. जनावर सपाटीवर, न घाबरता चाललेलं असलं तरच तो धरायचा. चढणीवर, वळणावर किंवा धूम ठोकलेल्या मागावर त्याला काही अर्थ नाही. मी दहा जोड्या मोजतो. आठ एका बाजूला झुकल्या तर मत देतो, पाच-सहावर गप्प बसतो.

खाली बघून फक्त खूरच बघणं

मान वर करा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास सांबर माजावर येतात. त्याआधी नर शिंगांवरची मखमल झाडांवर घासून काढतो आणि माजात असतानाही खोडं घासतो, चिखलात लोळतो. मागाच्या कडेला साल सोललेलं, ताज्या चिऱ्या पडलेलं खोड असेल तर ते दहा ठशांपेक्षा मोलाचं. मार्च-एप्रिलच्या सुमारास शिंगं गळतात. असं शिंग सापडलं तर तिथेच राहू द्या, घरी आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

थंडीतल्या धुळीच्या वाटेवर मुताचा ओलावा ताजा असेल तर तोही बोलतो. उभ्या नराची धार पुढच्या-मागच्या ठशांच्या मधे पडते, मादीची मागच्या ठशांवर किंवा त्यांच्या मागे. ऊन चढलं की हा पुरावा गेला, म्हणून सूर्य उगवताच जा. तेव्हा तिरप्या उन्हात ठशाच्या कडाही स्पष्ट दिसतात. बाराच्या उन्हात तोच ठसा सपाट होऊन जातो.

फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे, त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. आता तिथे माग बघायचा तो वाटेवरूनच, वाटाड्याला बरोबर घेऊन. पाणथळीच्या कडेचा गाळ तुडवत आत गेलात तर तुमच्या मागून येणाऱ्याला तुमचेच खूर दिसतील. आणि सांबराच्या ठशावर बिबट्याचा ताजा पंजा असेल तर अभ्यास तिथेच थांबवून परत फिरा.

भेकराच्या बाबतीत हट्ट धरणं

भेकर जेमतेम वीस-पंचवीस किलोचं. नर-मादीच्या खुरात जो काही फरक असेल तो मातीचा एक खडा पुसून टाकतो. आजोबांना एकदा विचारलं तर म्हणाले, "भेकर आलं, वाल खाल्ले, गेलं. बाकी तू लिही." माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: भेकर, एक, वालाचं शेत, पहाटे.